लाल किल्ला पाहण्यापूर्वी

नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींकडे येणारा पाहुणा लाल किल्ल्यासाठी जेमतेम तासभर राखून ठेवतो. आमच्या मते निदान अर्धा दिवस ठेवावा. मात्र तो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी किल्ला बंद असतो. १८५७ नंतर इंग्रजांनी आतील बरेच महाल पाडून बराकी उभारल्या, म्हणून नकाशा आधीच पाहून जावे.

लाहोरी दरवाजाने शिरून छत्ता चौक, नौबतखाना व दिवाण-इ-आम ओलांडले की दिवाण-इ-खास लागतो. १७३९ मध्ये नादिरशहाने मयूरासन नेले, हे येथे सर्वच सांगतात. आपण मान वर करून छताकडेही पाहावे. १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी या दालनाचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडविली. खजिना रिता होता आणि फौजेचा खर्च भागवावयाचा होता. १४ जानेवारी १७६१ रोजी तीच फौज पानिपतावर बुडाली.

नादिरशहाची ती लूट आणि भाऊंची ती निकड, असे म्हणणे आम्हांस सोपे जाते. परंतु ज्याच्या डोक्यावरचे छत गेले, त्याला हा भेद कसा दिसावा? पानिपतासाठी हळहळणाऱ्याने हेही पान वाचले पाहिजे. मुलांना बरोबर न्यावे आणि दोन्ही हकिगती एकाच सुरात सांगाव्यात.