एका कराराची पूर्वपीठिका

३१ मार्च २०१६ रोजी वॉशिंग्टन येथे भारताचा अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी सामंजस्य करार केला. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा भारतात उभारण्याचा हा करार. वृत्तपत्रांनी तो पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फलित म्हणून छापला. पुढे वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचा परिसर निवडला गेला आणि विषय आपल्या उंबरठ्याशी आला. स्वाक्षरीच्या दिवसापासून इतिहास मोजण्याची सवय सरकारी पत्रकांना असते. अभ्यासकांनी ती उचलू नये असे आम्हांस वाटते. या प्रकरणात स्वाक्षरी हा प्रारंभ नव्हता. बऱ्याच अंशी तो एका दीर्घ व्यवहाराचा उत्तरार्ध होता.

साहित्याच्या अभ्यासकाला राजाश्रय ही संकल्पना परिचित आहे. आश्रयदाता कोण, त्याच्या अटी कोणत्या, त्या अटींचा रचनेवर काय परिणाम झाला, हे प्रश्न आपण पंडिती काव्याविषयी नेहमी विचारतो. विज्ञानाच्या राजाश्रयाविषयी ते क्वचितच विचारले जातात. व्हॅनेव्हर बुश यांच्या १९४५ च्या अहवालातून पुढे आलेली आणि १९५० साली कायद्याने स्थापन झालेली ही अमेरिकी संस्था असाच एक आश्रयदाता आहे. पैसा सरकारचा, पण कोणत्या संशोधनाला तो द्यावा याचा निवाडा त्या विषयातील तज्ज्ञांच्या परीक्षणावर, ही तिची मूळ धारणा. तिच्या आश्रयाला एक मर्यादाही आहे. परदेशी संस्थांना ती सहसा अनुदान देत नाही. आपल्या देशातील संशोधकाला देते. मग सीमेपलीकडच्या भागीदाराने यायचे कसे? आपला वाटा आपल्या सरकारकडून घेऊन. आंतरराष्ट्रीय भागीदारी म्हणजे येथे दोन आश्रयदात्यांचा एकाच कामावर जुळून आलेला विश्वास. तो जुळायला वेळ लागतो.

लायगोला तर अमेरिकेतच तो वेळ लागला. रायनर वाइस यांनी १९७२ मध्ये अशा यंत्राचा तपशीलवार आराखडा मांडला होता. फाउंडेशनच्या नियामक मंडळाची उभारणीला मान्यता मिळाली १९९० साली. त्यानंतरही तेथील अनेक खगोलशास्त्रज्ञांनी विरोध केला. त्यांचा एक आक्षेप भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे: या यंत्राच्या नावात 'वेधशाळा' हा शब्दच का? ज्याने अजून काहीही पाहिलेले नाही, त्याला वेधशाळा म्हणायचे कशाच्या बळावर? वाद वरवर शब्दाचा, आतून पैशाचा होता. दुर्बिणींच्या वाट्याचा निधी हे यंत्र खाईल, अशी ती धास्ती होती.

१९९७ मध्ये बॅरी बॅरिश यांनी प्रयोगशाळेपासून वेगळा असा वैज्ञानिकांचा एक सहयोगगट निर्माण केला. यंत्र चालवणारे एकीकडे. त्यातून येणाऱ्या आकड्यांचे विश्लेषण करणारे, नवे तंत्र सुचवणारे जगभरचे गट दुसरीकडे. कोण काय काम करील हे लेखी ठरवून गटांनी सामील व्हायचे. आमच्या मते २०१६ च्या करारापेक्षा ही रचना अधिक महत्त्वाची. यंत्र ज्यांच्या भूमीवर नाही, त्यांनाही कामाच्या बळावर आत येण्याचे दार तिने उघडले.

आणि भारतीयांजवळ द्यायला काम होते. कृष्णविवर धक्क्यानंतर घंटेसारखे कसे निनादत शांत होते, याचे गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच मांडले होते. पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत कसा हुडकावा याच्या पद्धती घडवल्या. बेंगळुरूला बाला अय्यर फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या लहरींचे सूक्ष्म गणित करीत होते. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था, तीही मुख्यतः विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी, हे आम्हा अध्यापकांना सांगावेसे वाटते. कागद आणि संगणक यांवर चाललेले हे काम म्हणजे भावी भागीदारीतला भारताचा पहिला हप्ता होता.

दुसरा योग मात्र दुसऱ्याच्या नकारातून आला. लायगोच्या सुधारित यंत्रांपैकी दोन अमेरिकेत हॅनफर्डलाच बसायची होती. त्यांतले एक दूर दक्षिणेकडे नेले तर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे कितीतरी नेमके कळेल, म्हणून २०१० मध्ये ते ऑस्ट्रेलियाला देऊ करण्यात आले. यंत्र अमेरिकेचे, जागा, इमारती, निर्वात नळ्या आणि माणसे यजमानाची. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०११ च्या मुदतीपर्यंत पैसा उभा केला नाही. २००९ मध्ये एकत्र आलेला भारतीय शास्त्रज्ञांचा 'इंडिगो' हा गट तोवर तयार होता. ऑगस्ट २०१२ मध्ये फाउंडेशनच्या मंडळाने यंत्र भारतात नेण्याच्या बदलाला संमती दिली.

येथे एक विसंगती नोंदवायला हवी. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने निर्यातबंधनांच्या यादीत ज्या भारतीय संस्था घातल्या, त्यांत भाभा अणुसंशोधन केंद्र होते. ते त्या यादीतून बाहेर पडले जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे २०१६ साली ज्या अणुऊर्जा विभागाबरोबर वॉशिंग्टनमध्ये स्वाक्षऱ्या झाल्या, त्याचीच प्रमुख प्रयोगशाळा तेथल्याच दुसऱ्या खात्याच्या लेखी संशयित होती. राष्ट्राला एकच मन असते असे समजून परराष्ट्रसंबंधांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली; ११ फेब्रुवारी २०१६ ला ती जाहीर झाली; सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. ही तत्परता पुढे टिकली नाही. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या अंतिम मंजुरीला एप्रिल २०२३ उजाडले. कीर्तनासाठी देऊळच फिरले अशी नामदेवांची आख्यायिका औंढ्याला सांगितली जाते. नव्या यंत्राची अपेक्षा नेमकी उलट: जमीन शक्य तितकी निश्चल हवी. आधीच्या कित्येक वर्षांत हलली नाही ती फाईल!

मधल्या काळात दुसऱ्या आश्रयदात्याचेही आसन डळमळू लागले. अमेरिकी सरकारच्या २०२६ च्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला गेला. फाउंडेशनच्या निधीत निम्म्याहून अधिक कपात आणि अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांपैकी एकच चालवावी, अशी सूचना त्यात होती. हिंगोलीसाठी ठरलेल्या यंत्राचे भाग भारतातील इमारतींची वाट पाहत वर्षानुवर्षे हॅनफर्डच्या कोठारातच पडून राहिले होते.