डिकीवाली डिझेल गाडी : एका हिशोबाचा इतिहास

परभणीकडच्या खेड्यात साठी ओलांडलेल्या कुणालाही नुसतं 'इंजिन' म्हणून बघा, त्यांच्या डोळ्यासमोर मोटार येत नाही. विहिरीवरचं इंजिन येतं. हँडल मारून चालू करायचं, पट्ट्यावर पंप फिरवायचा, आणि धुराची काळी नळी आभाळाकडे. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ सालची. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत ही यंत्रं महाराष्ट्रभर विहिरींवर जाऊन बसली. वीज गावात आली तरी शेतात पोचायला वेळ लागायचा, आणि पोचल्यावर ती टिकेल याची खात्री नसायची. इंजिन मात्र धुळीत, पावसात, पालापाचोळ्यात पडून असायचं आणि दोन हँडल मारले की सुरू. बिघडलंच तर गावातलाच कुणीतरी पाना घेऊन ते उघडायचा, नोझल फुंकायचा, परत बसवायचा. मग ट्रॅक्टर आला, एसटी होतीच, काळ्या-पिवळ्या जीपा आल्या. सगळं डिझेलवर. एकूण काय, तर डिझेल कामाचं आणि पेट्रोल हौसेचं, ही वाटणी आपल्याकडे मोटार दारात यायच्या आधीच पक्की झालेली होती.

आजचा विषय या वाटणीतूनच निघालेल्या एका सौद्याचा आहे. घरची जुनी छोटी पेट्रोल गाडी द्यायची, वर पैसे घालायचे आणि सेकंडहँड डिझेल डिकीवाली घ्यायची. (शहरात तिला सेडान म्हणतात. आमच्याकडे 'डिकीवाली'च.) मराठवाड्यात गेली पंधरा-वीस वर्षं हा सौदा इतक्या घरांत झालाय की त्याचा हिशोब कुणी नव्याने मांडतच नाही. डिझेल स्वस्त, इंजिन मजबूत, संपला विषय. परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं पिंगळी हे रेल्वे स्टेशन ज्यांना माहीत असेल त्यांना ते गावही माहीत असेल. तिथे माझे मामा सध्या याच सौद्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि पैसा सोयाबीनचा आहे. म्हणून हा हिशोब आला कुठून ते जरा खणून बघावं म्हटलं.

सुरुवातीला खाजगी डिझेल मोटार हा प्रकारच नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी निघाली, ती पेट्रोलवर. कलकत्त्याकडची अ‍ॅम्बेसेडरही पेट्रोलवर. अ‍ॅम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं डिझेल इंजिन आलं ते १९८० च्या सुमारास. ते घेतलं कुणी? टॅक्सीवाल्यांनी, सरकारी खात्यांनी, आणि ज्यांना आवाजाचं काही वाटत नव्हतं अशा मोजक्या मंडळींनी. ज्यांना ते परवडत नव्हतं ते जुगाड करायचे. मॅटाडोरचं इंजिन काढून अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसवणारे मेकॅनिक तेव्हा मोठे कलावंत समजले जात. नव्वदीत पद्मिनीलाही इटालियन डिझेल इंजिन मिळालं. पण तोवर तिचे दिवस भरत आले होते.

ते दिवस भरले मारुतीमुळे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला गाडी म्हणजे काय हे नव्याने कळलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सकाळी एका चावीत सुरू. ८०० चं उत्पादन थांबलं २०१४ च्या जानेवारीत, म्हणजे तीस वर्षं. तिने ग्रामीण भागात काय केलं यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. शिक्षक, तलाठी, कृषी सेवा केंद्रवाले, गावचे डॉक्टर, सगळ्यांची पहिली गाडी हीच. पण ती पेट्रोलवर, आणि तिला डिकी नावापुरती. लग्नाला जायचं तर बॅगा मांडीवर.

छोट्या गाडीत डिझेल घालायचा खरा धाडसी प्रयोग पुण्यात झाला. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आली, १४०५ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. सुरुवातीच्या इंडिकाबद्दल लोक काय काय बोलायचे ते आठवत असेल, पण २००१ च्या 'व्ही-टू' नंतर तोंडं बंद झाली. २००२ च्या अखेरीला तिलाच डिकी लावून इंडिगो आली. त्याच सुमारास, २००१ मध्ये, औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. तिचं १.९ लिटरचं टर्बो डिझेल चालवलेला माणूस परत 'डिझेल म्हणजे ट्रॅक्टर' असं कधी म्हणाला नाही. मराठवाड्यात डिकीवाल्या गाडीची प्रतिष्ठा किती, हे पुढे २०१० च्या ऑक्टोबरात जगाने पाहिलं. औरंगाबादच्या दीडशे जणांनी मिळून एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा सौदा. असो, आपण सोयाबीनवाल्यांकडे परत येऊ.

आता या सगळ्यामागचा पैसा बघा. डिझेल स्वस्त का होतं? शेतकऱ्याचा पंप, एसटी, मालट्रक, रेल्वे यांच्यासाठी सरकार ते दाबून ठेवत होतं. हेतू चांगलाच होता. पण पंपावरचा नळ टाकीत ट्रॅक्टर आहे की सेडान हे विचारत नाही. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले आणि डिझेल बांधलेलंच ठेवलं. मग दरी रुंदावत गेली. २०१२ च्या मे अखेरीला दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! किरीट पारीख समितीने २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारींवर ८०,००० रुपये जादा अबकारी लावा, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाची सवलत मोटारवाल्याच्या खिशात जाणार नाही. ते झालं नाही. जे झालं ते असं, की त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्याच्या वर गेला. माझ्या मते हा भारतीय वाहन इतिहासातला सगळ्यात मोठा आडमार्गाने दिलेला खिरापतीचा कार्यक्रम होता, आणि प्रसाद मुख्यतः शहरात वाटला गेला.

दुसरी एक सरकारी रेघ इथे महत्त्वाची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीच्या आत इंजिन असेल तर अबकारी २४ टक्क्यांवरून १६ वर आली. २००८ साली आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ ची नवी डिझायर ३९९५. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून डिकी कापली! मागून बघितलं की ती गाडी अशी एकदम संपल्यासारखी का वाटते, त्याचं उत्तर शिंप्याकडे नाही, अबकारी खात्याकडे आहे.

आणि या गाड्यांच्या बॉनेटखाली जे इंजिन होतं ते फियाटचं. १२४८ सीसी, 'मल्टिजेट', युरोपात २००३ साली आलेलं. मारुतीने ते परवान्यावर मानेसरला बनवलं, फियाटने स्वतः पुण्याजवळ रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, एसएक्स-फोर, अर्टिगा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळीकडे हेच. लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

इथे जरा थांबायला हवं, कारण मामांच्या हिशोबाचा दुसरा पाय इथेच डळमळतो. विहिरीवरच्या इंजिनात एक यांत्रिक पंप डिझेल नोझलपर्यंत ढकलतो, बस्स. इंडिकाचं पहिलं इंजिनही याच जातकुळीचं, म्हणून ते गावातल्या मेकॅनिकला कळायचं. मल्टिजेट 'कॉमन रेल'वालं. त्यात डिझेल हजार बारच्या वर दाबाने एका सामाईक नळीत भरलेलं असतं, आणि कुठल्या सिलिंडरला, कधी, किती थेंब द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो, एका फेऱ्यात अनेकदा. (म्हणजे आमचं क्षेत्र शिरलं त्यात, आणि आम्ही शिरलो की काय होतं ते तुम्ही जाणताच.) गाडी शांत झाली, पिकअप आला, अ‍ॅव्हरेज वाढलं. पण डिझेलमधलं पाणी आणि कचरा या इंजेक्टरला सोसत नाही, आणि ते फुंकून साफ होत नाहीत. टर्बोची कथा तीच. नाव 'डिझेल इंजिन'च राहिलं, पण विहिरीवरच्याशी नातं फार दूरचं. नीट वापरलेलं मल्टिजेट दोन-अडीच लाख किलोमीटर बिनबोभाट जातं हेही खरं. प्रश्न एवढाच की आधी ते नीट वापरलंय की नाही हे तिसऱ्या मालकाला कसं कळणार?

पहिला पाय, म्हणजे भाव, तो तर राहिलाच नाही. २०१३ च्या जानेवारीपासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवत नेलं आणि २०१४ च्या ऑक्टोबरात मोकळं सोडलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितलं, त्याच सप्टेंबरात फोक्सवॅगनचा धुराच्या चाचणीतला घोटाळा अमेरिकेत उघड झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची बंदी उचलून धरली. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या आणि मल्टिजेटही गेलं. त्याच जूनमध्ये दिल्लीत चक्क डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं होतं.

शहरांनी डिझेल सोडलं की त्या गाड्या जातात कुठे? भंगारात नाही. त्या खाली उतरतात. पुण्या-मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला. दिल्ली पासिंगच्या गाड्याही एनओसी घेऊन देशभर पसरल्या. म्हणजे ज्या गाडीची स्वस्ताई शेतकऱ्याच्या नावावर होती, ती गाडी शेतकऱ्याच्या दारात पोचली स्वस्ताई संपल्यावर.

त्यात परभणीची आणखी एक गंमत. इंधन येतं मनमाडच्या डेपोतून, टँकरने, सुमारे तीनशे किलोमीटर. वाहतूक खर्च भावात चढतो. म्हणून राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत, ही बातमी अधूनमधून छापून येते. २०१८ च्या सप्टेंबरात नव्वदी ओलांडण्यात परभणी मुंबईच्याही पुढे होती. तेव्हा इथला माणूस पेट्रोलला वैतागून डिझेलकडे वळला तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तर मामा. त्यांच्याकडे २००३ ची ८०० आहे. समोर २०१४ ची डिझेल डिझायर. त्यांचं फिरणं वर्षाला पाच हजार किलोमीटर. परभणीचा बाजार आणि मामींना घेऊन नांदेडचा दवाखाना. मी आकडे मांडले. परभणीचे भाव जास्त आहेत, पण तुलना सरळ राहावी म्हणून दोन्ही वेळचे दिल्लीचेच धरले. डिझेल गाडीला लिटरला २० किलोमीटर धरू, तशाच पेट्रोल डिझायरला १८. २०१२ च्या भावाने वर्षाचा पेट्रोलचा खर्च २०,३०० आणि डिझेलचा १०,२००. वाचले दहा हजार. २०२४ च्या मार्चमधल्या भावाने (पेट्रोल ९४.७२, डिझेल ८७.६२) पेट्रोलचे २६,३०० आणि डिझेलचे २१,९००. वाचले ४,४००. महिन्याला पावणेचारशे रुपयेसुद्धा नाहीत. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीवाल्याला हेच पस्तीस हजार होतात, त्याने खुशाल घ्यावी. पण मामांचे तीन-चार वर्षांचे वाचलेले पैसे इंजेक्टरच्या एका कामात जाऊ शकतात.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, पैसे वाचवायला कोण घेतंय? तुझ्या मामीला मागे पाय लांब करून बसता येतं का ८०० मध्ये? अन् मे महिन्यात नांदेडला जाऊन ये एकदा त्या गाडीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं म्हणजे ते गरजेचंही नव्हतं. ८०० ठेवण्यात फार शहाणपण आहे असंही नाही. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार केली आहे, आणि त्यांची पुढची तारीख २०२८ ची. म्हणून मी एवढंच म्हणालो की डिकीवाली घ्या, पण त्याच पैशात पेट्रोलवाली मिळते का तेही बघा. डिझेलच घ्यायची तर सर्व्हिसच्या नोंदी मागा, कारण मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का ते आधी तपासा.

पेट्रोलची एक डिझायर परभणीत सापडलीय, २०१३ ची, पंचवीस हजार जास्त सांगतोय. मामा येत्या आठवड्यात दोन्ही बघणार आहेत. डिझेलवाल्याला त्यांनी अट घातलीय की गाडी आदल्या रात्रीपासून चालू करायची नाही. सकाळी थंड इंजिन त्यांच्यासमोर चालू करायचं, आणि पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही.