पत आमची, वही दुसऱ्याची

पैसा आणि पत यांत एक मोठा भेद आहे. पैसा आपल्या पेटींत राहतो. पत मात्र दुसऱ्याच्या मनांत राहते. हा मनुष्य घेतलेलें वेळेवर परत करतो असें चार लोकांना वाटूं लागलें म्हणजे त्याची पत झाली. हे चार लोक आपल्याच पेठेंतले होते तोंपर्यंत सारें सोपें होतें. वाण्याच्या वहींत आपलें नांव असे, ती वही कोठें आहे हें आपल्याला ठाऊक असे, आणि तींत चूक आढळली तर दुकानाच्या पायरीवर उभें राहून ती दुरुस्त करून घेतां येई. ही वही दुकानांतून उठून अनोळखी कचेरींत कशी गेली, आणि त्यापायीं २०१७ सालीं अमेरिकेंतील कोट्यवधि लोकांवर कोणता प्रसंग ओढवला, हें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

आरंभ न्यूयॉर्क शहरांत झाला. लुईस टॅपन हा तेथील रेशमाचा व्यापारी. १८३७ सालच्या व्यापारी संकटांत त्याची व त्याच्या भावाची पेढी डबघाईस आली. उधारी कोणाला द्यावी हें आधीं कळलें असतें तर किती बरें झालें असतें, या विचारांतून त्यानें १८४१ सालीं ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गांवोगांवचे वकील व इतर माहितगार तेथील व्यापाऱ्यांची हकीकत लिहून पाठवीत. ती मोठमोठ्या वह्यांत उतरली जाई आणि वर्गणीदारांना सांगितली जाई. देश झपाट्यानें पसरत होता, दूरचा अपरिचित दुकानदार उधारीवर माल मागत होता; तेव्हां अशा व्यवस्थेची गरज खरीच होती. पण तिच्यांत एक व्यंग पहिल्या दिवसापासून राहिलें. वहीचे पैसे भरणारा वेगळा आणि वहींत ज्याचें नांव तो वेगळा. पैसे भरणारा गिऱ्हाईक ठरला. ज्याचें नांव लिहिलें तो केवळ माल ठरला.

१८९९ सालीं अटलांटा येथें केटर व गाय वुल्फर्ड या बंधूंनीं ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ स्थापन केली आणि आतां साध्या संसारी माणसाची पाळी आली. कोण वेळेवर देणारा, कोण रेंगाळणारा, कोणाला रोखीनेंच माल द्यावा, असे शेरे मारलेली यादी दुकानदारांना मिळूं लागली. पुढें विमा कंपन्यांसाठीं चौकशा सुरू झाल्या. तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन अमक्याचें वर्तन कसें, तो दारू पितो काय, घरांत कलह आहेत काय, हेंही विचारूं लागले. या ऐकीव गोष्टी आतां संगणकांत सांठविल्या जाणार, असें दिसूं लागलें तेव्हां लोक अस्वस्थ झाले, आणि १९७० सालीं ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ हा कायदा झाला. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें जाणण्याचा आणि चुकीच्या नोंदीला हरकत घेण्याचा हक्क त्यानें नागरिकाला दिला. १९७५ सालीं त्या कंपनीनें आपलें नांव बदलून ‘इक्विफॅक्स’ असें ठेवलें.

मार्च २०१७ मध्यें सरकारी यंत्रणेनें इशारा दिला कीं, ‘अपाची स्ट्रट्स’ नांवाच्या संगणकप्रणालींत एक भगदाड आहे. तें बुजविण्याचा उपायही उपलब्ध होता. कंपनींत तशी सूचना फिरली. पण ज्या संकेतस्थळावर लोक आपल्या नोंदींविषयीं हरकती घेत, नेमकें तेंच दुरुस्तींतून सुटलें. लोकांना मिळालेला हक्क बजावण्याचें दार तेंच चोरांचें दार झालें! मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत ते आंत वावरत होते. पहारा ठेवणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वींच संपली होती; तें नवें करतांच चोरी उघडकीस आली. सुमारें १४ कोटि ७० लक्ष लोकांची माहिती गेली: नांवें, पत्ते, जन्मतारखा आणि बहुतेकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही. लोकांना हें कळलें ७ सप्टेंबरला. गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. जन्मतारीख काहीं बदलून मिळत नाहीं.

लोकांचा संताप नुसत्या चोरीवर नव्हता. ज्या कंपनीशीं आपण कधीं व्यवहार केला नाहीं, तिच्यापाशीं आपलें सारें चरित्र कसें, हा त्यांचा प्रश्न होता. वाईट दुकानदार सोडून दुसऱ्याकडे जातां येतें. येथें सोडून जाण्याची सोयच नव्हती. कंपनीनें देऊं केलेल्या मोफत सेवेच्या अटींत, कोर्टांत न जातां लवादाकडे जावें, असें कलम निघालें. ओरड होतांच तें मागें घ्यावें लागलें. बचावाचा खरा उपाय म्हणजे आपली नोंद ‘गोठविणें’. ती गोठविली कीं नव्या सावकाराला ती दिसत नाहीं, आणि आपल्या नांवावर कर्ज काढणें चोराला कठीण जातें. परंतु बहुतेक राज्यांत यासाठीं प्रत्येक कंपनीकडे वेगळें शुल्क भरावें लागे. इक्विफॅक्सनें आपलें शुल्क माफ केलें, तरी इतर मोठ्या कंपन्यांकडे तें भरावें लागतच होतें. चूक रखवालदाराची आणि नव्या कुलपाचा खर्च घरमालकाचा, असा हा न्याय!

हा अन्याय पुढें कांहीं अंशीं दूर झाला. २०१८ सालच्या कायद्यानें त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून गोठवणूक देशभर निःशुल्क झाली. जुलै २०१९ मध्यें कंपनीनें किमान ५७ कोटि ५० लक्ष, व जरूर पडल्यास ७० कोटि डॉलरपर्यंत रक्कम देण्याचें कबूल केलें. तींतून माणशी १२५ डॉलर रोख मिळतील अशी आशा उत्पन्न झाली. परंतु त्या वाट्यासाठीं राखून ठेवले होते अवघे ३ कोटि १० लक्ष. अर्जांची अशी रीघ लागली कीं, पूर्ण रक्कम हातीं येणार नाहीं असें सरकारी आयोगालाच जाहीर करावें लागलें. फेब्रुवारी २०२० मध्यें अमेरिकन सरकारनें चीनच्या सैन्यांतील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला.

ही कथा परक्या देशाची म्हणून सोडून देतां येण्याजोगी नाहीं. मुंबईंत २००० सालीं ‘सिबिल’ची स्थापना झाली, २००५ सालीं अशा कंपन्यांसाठीं कायदा झाला, आणि इक्विफॅक्स या नांवाची कंपनीही आपल्याकडे हेंच काम करते. ज्यानें घरासाठीं कर्ज काढलें त्याचें नांव या वह्यांत आहेच. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें २०१७ पासून आपला संपूर्ण अहवाल अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां विनामूल्य मागतां येतो; आणि तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४ पासून अंमलांत आहे. न घेतलेलें कर्ज आपल्या नांवावर दिसलें तर त्याच दिवशीं लेखी तक्रार करावी. वही आतां पेठेंत परत येणार नाहीं. परंतु ती मागवून वाचण्याचा हक्क कायद्यानें आपल्या हातीं दिला आहे, आणि न वापरलेला हक्क फार काळ टिकत नाहीं, हें प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवावें.