विंडोज बदलली, जुनी ई-पत्रे कुठे?

विंडोज एक्सपीतील आउटलुक एक्स्प्रेस हा ई-मेल प्रोग्रॅम २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये नाही. त्यामुळे एक्सपीच्या जागी विंडोज ७ टाकल्यावर सारा पत्रव्यवहार नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पीओपी३ पद्धतीत सर्व्हरवर सहसा प्रत उरत नाही. पत्रे केवळ हार्ड डिस्कवरील ‘डीबीएक्स’ फाइलींत असतात. डिस्क फॉरमॅट केली नसेल, तर या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये शोधाव्यात. हे फोल्डर पुसण्यापूर्वी त्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. पुढे एक्सपी असलेल्या संगणकावर त्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये इम्पोर्ट करून पत्रे डेस्कटॉपवरील फोल्डरमध्ये ओढल्यास ‘ईएमएल’ फाइली तयार होतात. त्या थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये आजही वाचता येतात.