जुनी जीप घरीच उभी करायचीय? आधी कागद, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

गोठ्याशेजारी नाहीतर कांदाचाळीच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी जीप तालुक्यात अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसते. आजोबांनी घेतलेली, लग्नाची वऱ्हाडं आणि निवडणुकीचे प्रचार पाहिलेली. आता नातवाला ती परत रस्त्यावर आणायची असते. पण बहुतेकांचा पहिला खर्च होतो तो डेंटिंग-पेंटिंगवर, आणि काम तिथेच फसतं. गाडी चकाचक दिसते, पण ब्रेक लागत नाही आणि आरसी बुक सापडत नाही. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

आपली जीप कोणती?

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. ग्रामीण भागात सर्वाधिक दिसणारं जुनं मॉडेल म्हणजे सीजे-३बी. तिची खूण म्हणजे उंच बोनेट. तिच्या ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बोनेटही उंच करावं लागलं. इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं. पुढे आलेल्या एमएम ५४० मध्ये डिझेल इंजिन आहे. सुटे भाग आणण्याआधी मॉडेल आणि इंजिन नक्की करावं, नाहीतर जिल्ह्याच्या गावी दोन-दोन चकरा होतात.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घेण्याचं काम आधी उरकावं.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या गाडीसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नियम आणले. त्यात नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षांसाठी मिळते. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आणखी एक अट म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन बदललेलं असेल तर खर्च सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

मग ब्रेक

जुन्या जीपचे ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि एकाच लाइनवर असतात. एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटात काय होईल, ते सांगायला नको. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी होज एकदमच बघावेत. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर नुसते रबर बदलून भागत नाही, सिलिंडरच बदलावा. लाइनमध्ये फक्त ब्रेक ऑइल घालावं. इंजिन ऑइल किंवा डिझेल गेलं तर रबर फुगतात. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर लागतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर भरवसा नको.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडावं, दोन-चार दिवस मुरू द्यावं आणि मग हँडलने हळूहळू फिरवावं. हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडतो. हरिकेन इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. प्लगची गॅप सुमारे ०.७५ मिमी, पॉइंटची ०.५ मिमी ठेवतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे डायफ्राम, सील लवकर खराब होतात. ते इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत.

फोर व्हीलची बाजू

ट्रान्स्फर केस आणि दोन्ही एक्सलचं ऑइल काढून बघावं. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढच्या चाकांच्या आतल्या गोल हाउसिंगमधून ऑइल गळणं ही जुनी तक्रार आहे. त्यासाठी सील बदलावं आणि किंगपिनचा खेळ तपासावा.

चारही टायर एकाच मापाचे हवेत. या जीपला पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणून फोर व्हील फक्त चिखलात, वाळूत किंवा निसरड्या चढावर टाकावं. कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकलं तर वळणावर गिअर आणि शाफ्टवर ताण येतो, लिव्हर अडकून बसतो.

पत्रा आणि रंग

सडलेल्या पत्र्यावर लांबी भरली की वर्ष-दीड वर्षात गंज परत वर येतो. सडका भाग कापून नवा पत्रा जोडावा, प्रायमर मारावा, मगच रंग. सीजे-३बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्यामुळे वेल्डिंगआधी टाकी काढून लांब ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडवावी.

पहिली फेरी

पहिली फेरी शेतात किंवा मोकळ्या मैदानात, मुलाबाळांना न बसवता घ्यावी. ब्रेक दहा-वीस वेळा दाबून पाहावा, मग गाडी उभी करून खाली कुठे गळतंय का ते बघावं. पेडल खाली जात असेल तर गाडी तिथेच थांबवावी. नोंदणी, विमा आणि पीयूसी पूर्ण झाल्यावरच ती डांबरी रस्त्यावर आणावी. रंगाचं काम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालतं, ब्रेकचं काम थांबवता येत नाही.