रुळांभोवतीची सृष्टी : मॉडेल रेल्वेचा देखावा कसा उभा राहतो?

मॉडेल रेल्वे म्हटले की डोळ्यांसमोर येते ती वळणे घेत धावणारी चिमुकली गाडी. मात्र या छंदात मुरलेल्या मंडळींचा बराचसा वेळ खर्ची पडतो तो गाडीपेक्षा तिच्या भोवतालचे डोंगर, पूल, स्थानके आणि झाडे उभारण्यात. गणेशोत्सवातील देखावे आणि दिवाळीतील किल्ले यांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे काम तसे परके नाही. या कलेमागील गणित, साहित्य आणि पद्धती यांचा हा आढावा.

गाडी विकत मिळते, रूळ विकत मिळतात. परंतु ती गाडी नेमकी कोठून कोठे चालली आहे, हे सांगण्याचे काम देखावाच करतो. केवळ फळीवर मांडलेले रूळ हे खेळणे ठरते. त्याच रुळांच्या एका बाजूला कातळकडा आणि दुसऱ्या बाजूला दरी आली, की त्याचा घाट होतो. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात येणाऱ्यांची नजर गाड्यांइतकीच भोवतालच्या वस्तीवर खिळते, ती यामुळेच. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये खुले केलेले ‘मिनिएचर वंडरलँड’ जगातील सर्वांत मोठ्या मॉडेल रेल्वेंपैकी एक मानले जाते. तेथेही गर्दी होते ती गाड्यांबरोबरच शहरे, पर्वत आणि विमानतळ पाहण्यासाठी.

प्रमाणाचे गणित

देखाव्याची पहिली अट म्हणजे प्रमाण. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ प्रमाण १:८७ असे आहे. म्हणजे मूळ वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ८७ ने भागायची. त्याहून लहान ‘एन’ प्रमाण १:१६० चे आहे. एचओमध्ये पाच फूट सात इंच उंचीचा माणूस सुमारे २० मिलिमीटरचा होतो, पंधरा मीटर उंचीचे झाड सतरा सेंटिमीटरचे, तर एक किलोमीटर अंतर साडेअकरा मीटरचे. साडेअकरा मीटर लांबीची खोली शहरी घरांत बहुधा कोणाकडेच नसते. साहजिकच अंतरे आखडून घ्यावी लागतात. साडेपाचशे मीटरचा फलाट प्रमाणानुसार सव्वासहा मीटरचा होईल. प्रत्यक्षात तो चार-पाच डबे मावतील एवढाच ठेवला जातो. दारे, खिडक्या, पायऱ्या आणि माणसे यांचे प्रमाण मात्र कधीही आखडायचे नसते. लांबीतील तडजोड डोळा सहज स्वीकारतो. माणसापेक्षा बुटका दरवाजा तो लगेच पकडतो.

भारतीय गाड्यांची मॉडेल करणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी योग्य आहेत. भारतातील रुंदमापी मार्ग १,६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याचे एचओतील रूपांतर सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास जाते. तयार रूळ वापरल्यास गाडीच्या मानाने मार्ग अरुंद दिसतो. स्वतः रूळ बांधणारे थोडे असतात. बाकीचे खडीचा थर रुंद पसरून हा दोष सौम्य करतात.

आधी स्थळ आणि साल

देखाव्याला सुरुवात करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे निश्चित करावी लागतात : हे ठिकाण कोणते आणि हे साल कोणते? बोरघाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८६३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या या चढणीवर खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करणारे स्थानक होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि पुढचा चढ सुरू होई. नव्या आखणीमुळे १९२९ मध्ये हे स्थानक वापरातून गेले. तेव्हा ते दाखवणाऱ्या देखाव्यात आजचे विजेचे खांब किंवा द्रुतगती महामार्ग आला, तर सारा मेळ बिघडतो.

बोरघाटाची सर्वांत कठीण चढण ३७ फुटांना एक फूट अशी होती. मॉडेल गाड्यांनाही साधारण दोन ते तीन टक्क्यांपर्यंतचाच चढ मानवतो. म्हणजे हा एक प्रसंग असा, की जेथे मूळ चढण जशीच्या तशी मॉडेलमध्ये घेता येते. मात्र तिची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. एका मार्गाने दुसऱ्या मार्गावरून ओलांडून जाण्यासाठी आठ सेंटिमीटर उंची हवी असेल, तर या चढणीने जवळपास तीन मीटर लांबी लागते. म्हणूनच डोंगर ‘नंतर पाहू’ असे म्हणून चालत नाही. त्याची जागा रुळांच्या नकाशातच ठरवावी लागते.

सांगाडा आणि डोंगर

पाया म्हणजे लाकडी चौकटीवर बसवलेले जाड प्लायवूड. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हलके प्लायवूड फुगते, वाकते आणि त्याबरोबर रूळही सरकतात. त्यामुळे पाणी सोसणारे प्लायवूड घेऊन त्याच्या कडा आणि खालची बाजूही रंगवून घेणे हिताचे ठरते. रूळ टाकून, वीजजोडणी करून गाड्या काही दिवस विनातक्रार धावल्याखेरीज देखाव्याला हात लावू नये, असा या छंदातील शिरस्ता आहे. डोंगराखाली गेलेला सदोष सांधा दुरुस्त करण्यासाठी मग डोंगरच फोडावा लागतो. बोगद्यातील रुळांपर्यंत हात पोहोचेल अशी उघडझाप करता येणारी बाजू ठेवणेही त्याच कारणासाठी आवश्यक असते.

डोंगराचा आकार उभा करण्याच्या अनेक रीती आहेत. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून जाळी करायची, तिच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेले कापड पसरायचे, ही जुनी व स्वस्त रीत. अस्थिरोग तज्ज्ञ वापरतात ती प्लास्टरची पट्टीही यासाठी उत्तम. गोणपाट चिखलात बुडवून विटांच्या ढिगावर टाकणाऱ्या, दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हे तंत्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की येथे वजन कमी हवे आणि माती झडता कामा नये. थर्माकोलचे थर कापून डोंगर करण्याची पद्धत जगभर लोकप्रिय आहे. मात्र महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्याने पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांचेच महत्त्व वाढले. तापलेल्या तारेने फोम कापणाऱ्यांनी खोलीत हवा खेळती ठेवणे अत्यावश्यक आहे. त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

सह्याद्रीचा कातळ

परदेशी पुस्तके पाहून केलेला डोंगर अनेकदा आल्प्ससारखा टोकदार होतो. सह्याद्री तसा नाही. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो घडला. त्यामुळे त्याचे कडे आडव्या पट्ट्यांचे, पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दख्खनच्या या खडकाला लावला जाणारा ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. मॉडेलमध्ये प्लास्टर अर्धवट सुकलेले असताना सुरीने आडव्या रेषा कोरायच्या, मधल्या पायऱ्यांवर गवताची पट्टी ठेवायची आणि काही थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा दाखवायचा, एवढ्याने घाट ओळखू येतो. कोकणात उतरल्यावर काळ्या कातळाची जागा तांबूस, छिद्राछिद्रांचा जांभा घेतो.

रंग दाट लावू नयेत. पाण्यासारखा पातळ करडा, तपकिरी आणि काळा रंग ठिपक्यांनी सोडल्यास तो फटींमध्ये उतरतो. सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग कंगोऱ्यांवर ओढला, की खडकाला उठाव येतो.

माती, खडी आणि हिरवळ

जमिनीसाठी खऱ्या मातीइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. ती भाजून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. तथापि, दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या मातीत आणि वाळूत चुंबकाला चिकटणारे लोहकण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. म्हणून मातीतून चुंबक अनेकदा फिरवून मगच ती वापरावी. माती किंवा खडी पसरल्यावर तिच्यावर पाण्याचा सूक्ष्म फवारा मारायचा आणि पांढरा गोंद पाण्यात निम्म्याने किंवा त्याहून पातळ करून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि गोंद कणांवर न तरंगता आत झिरपतो. सांधे बदलणाऱ्या हलत्या रुळांजवळ मात्र गोंदाचा थेंबही जाता कामा नये.

हिरवळीसाठी पूर्वी रंगवलेला लाकडी भुसा वापरत. नंतर रंगीत स्पंजचा चुरा आला. आता स्थिर विद्युत निर्माण करणाऱ्या छोट्या यंत्राने नायलॉनचे बारीक तंतू गोंदावर सोडले जातात आणि ते गवतासारखे उभे राहतात. झाडांची खोडे तांब्याच्या तारा पिळून किंवा वाळक्या काटक्यांपासून होतात. येथेही पाहणी महत्त्वाची. सगळीकडे एकच हिरवा रंग हे नवख्याचे लक्षण होय. मे महिन्यातला घाट पिवळा-करडा असतो आणि ऑगस्टमधला गर्द हिरवा. यांपैकी एक ऋतू निवडून तो शेवटपर्यंत पाळावा लागतो.

इमारती : पुठ्ठ्यापासून छपाईपर्यंत

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील ‘फालर’सारख्या कंपन्यांची जोडून बांधायची घरे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पोहोचली. त्यांच्यामुळे काम सोपे झाले. पण युरोपीय छपरांचे स्थानक कर्जतचे वाटत नाही. मंगलोरी कौले, दगडी भिंती, लोखंडी पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, केबिन आणि पिवळ्या पाटीवरील काळी अक्षरे हवी असतील तर इमारत स्वतःच बांधावी लागते.

त्यासाठी प्रथम मोजमाप हवे. इमारतीशेजारी उंची ठाऊक असलेला माणूस किंवा काठी उभी करून समोरून छायाचित्र घेतले, तर बाकीची मापे त्यावरून काढता येतात. विटांचे थर मोजूनही उंचीचा अंदाज बांधता येतो. मग जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लास्टिकचा पत्रा कापून भिंती, पारदर्शक पत्र्याच्या काचा आणि स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलला चुण्या घालून केलेले पत्रे. अलीकडे लेसरने कापलेले भाग आणि त्रिमितीय छपाई यांमुळे बारीक जाळ्या, कठडे सहज होतात. मूळ मापे चुकीची असतील तर यंत्र ती चूक तितक्याच नेमकेपणाने छापते. आत दिवा लावायचा असेल तर भिंतींना आतून काळा रंग द्यावा, अन्यथा भिंतच कंदिलासारखी उजळते. फलाट किंवा बोगदा कायमचा चिकटवण्यापूर्वी सर्वांत लांब डबा वळणावरून ढकलून पाहावा, कारण वळणावर डब्याचा मध्यभाग आत आणि टोके बाहेर येतात.

शेवटचा हात जुनाटपणाचा. नवीकोरी इमारत खोटी वाटते. छपराखाली ओघळांचे डाग, रुळांलगत गंजाचा तपकिरी थर, वाफेच्या इंजिनांच्या काळातील शेडवर काजळी, हे सारे पातळ रंगाने आणि खडूच्या भुकटीने साधते.

जपणूक

या छंदाला केवळ करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही, याची साक्ष इंग्लंडमधील पेंडन संग्रहालय देते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे रॉय इंग्लंड १९२५ मध्ये इंग्लंडला आले. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्यांनी ती मोजून, पुठ्ठ्यात हुबेहूब उतरवण्याचे ठरवले. त्यातून १९५४ मध्ये संग्रहालय आकाराला आले आणि दोन महायुद्धांमधल्या काळातील तो ग्रामीण परिसर आज तेथे पाहता येतो.

उलट उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत भिडणारे डोंगर आणि आरशांच्या साह्याने दुणावलेली दृश्ये असलेली विख्यात मॉडेल रेल्वे उभारली. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच आगीत ती जवळजवळ सगळी नष्ट झाली. जगाला आज ती ठाऊक आहे ती मुख्यतः ॲलन यांनीच काढलेल्या छायाचित्रांमुळे. कागद, लाकूड, फोम आणि वीज एकत्र असलेल्या खोलीत आग विझवण्याचे साधन हाताशी असावे आणि कामाचे छायाचित्रण करून त्याच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्यात, हे दोन्ही धडे त्यातून मिळतात.

महाराष्ट्रातही मोजून ठेवण्यासारखे बरेच काही वेगाने नाहीसे झाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे एका बाजूला मिरज आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत पोहोचली होती. अडीच फुटी रुळांचा हा मार्ग २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला आणि जुन्या मार्गाचे रूप पालटले. योगायोग असा, की ७६२ मिलिमीटरचा तो मार्ग एचओ प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरचा होतो आणि बाजारात सहज मिळणारे ‘एन’ प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतात. म्हणजे रूळ आजही मिळतात. त्यांच्या भोवतीची स्थानके, टाक्या आणि कडुनिंबाची झाडे मात्र कोणाच्या तरी वहीतल्या मापांवरूनच पुन्हा उभी करावी लागतील. गावच्या स्थानकाची जुनी कौलारू इमारत अद्याप उभी असेल, तर पुठ्ठा आणि रंग आणण्याआधी मोजपट्टी घेऊन तेथे जाणे, हेच या छंदातील पहिले काम ठरते.