मंद दिव्याची उरलेली वीज जाते कुठे?

कंदिलाची वात खाली केली की उजेड कमी होतो आणि रॉकेलही कमी जळते. याबद्दल कोणी शंका घेत नाही. पण पंख्याचा रेग्युलेटर पाचावरून दोनावर आणला तर वीज वाचते का, असा प्रश्न वर्गात निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो वाचते, दुसरा म्हणतो ती रेग्युलेटरमध्येच जळून जाते. दोघेही थोडे थोडे बरोबर असतात. कोण किती बरोबर, हे तो रेग्युलेटर कोणत्या काळातला आहे यावर ठरते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासाच्या वाटेने शोधणार आहोत.

प्रकाश हवा तसा कमी-जास्त करण्याची गरज सर्वांत आधी भासली ती नाट्यगृहांना. गॅसचे दिवे होते तोवर काम सोपे होते. तोटी पिळली की गॅस कमी आणि उजेडही कमी. १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह स्वानच्या सुमारे १२०० विजेच्या दिव्यांनी उजळले. वीज सुरक्षित आहे हे पटवण्यासाठी मालक डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर एक पेटता दिवा पातळ कापडात गुंडाळून फोडून दाखवला. कापड जळले नाही. पण विजेला तोटी कुठली?

ती तोटी म्हणून पुढे रूढ झाला तो रोधक. दिव्याच्या रोधाइतकाच रोध त्याच्याशी एकसरीत जोडला तर काय होईल, हे फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. एकूण रोध दुप्पट, म्हणून प्रवाह निम्मा. शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दिव्याला पूर्वीच्या एक चतुर्थांश शक्ती मिळेल. तेवढीच रोधकात उष्णता होऊन जाईल. मीटरवर खर्च निम्मा दिसेल. म्हणजे वीज वाचली हे खरे, आणि जी खर्च झाली तिच्यातली निम्मी वाया गेली हेही खरे. (तापमान उतरल्यावर दिव्याच्या तंतूचा रोध कमी होतो, ते येथे सोडून दिले आहे.)

काही नाट्यगृहांत रोधक म्हणून चक्क मिठाच्या पाण्याची भांडी असत. पाण्यात धातूची पट्टी खालीवर केली की दिवे मोठे-लहान होत. पाणी तापे, आटे आणि पुन्हा भरावे लागे. वाया जाणारी वीज डोळ्यांना दिसावी, असेच हे दृश्य! आपल्याकडे पंख्याचे जुने जाडजूड रेग्युलेटर हात लावला की कोमट लागत, त्यामागेही हेच कारण होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दाब कमी-जास्त करणारे फिरत्या मुठीचे रोहित्र आले. त्यात नासाडी थोडी, पण वजन आणि किंमत भारी.

खरे वळण १९५७ साली आले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच तयार झाला. त्यामागची कल्पना साधी आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. स्विच बंद असताना त्यातून प्रवाह नसतो, चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नसतो. दोन्ही वेळा गुणाकार शून्याच्या आसपास. तेव्हा प्रवाहाला अडवून धरण्याऐवजी तो पूर्ण सोडावा किंवा पूर्ण तोडावा, आणि हे इतक्या वेगाने करावे की डोळ्याला कळू नये. १९५९ मध्ये जोएल स्पायरा यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी याच तत्त्वावर घरगुती दिव्यासाठी छोटा नियंत्रक बनवला. आपल्या विजेची सेकंदाला १०० अर्धआवर्तने होतात. प्रत्येक अर्धआवर्तनात स्विच थोडा उशिरा चालू करायचा, एवढीच युक्ती. पंख्याचे पुष्कळसे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर याच जातीचे आहेत.

पण डोळ्याला कळणार नाही, याची खात्री कशावरून? ती खात्री विजेचे दिवे येण्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. छायाचित्रणाचे एक जनक हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३४ साली फिरत्या तबकड्यांवरून दाखवले, की प्रकाश पुरेशा वेगाने तुटत राहिला तर डोळ्याला त्याची सरासरी दिसते. निम्मा वेळ प्रकाश, निम्मा वेळ अंधार, तर दिसेल निम्म्या प्रकाशाएवढे.

हा नियम पुरेपूर कामी आला तो एलईडीच्या बाबतीत. १९६२ साली निक होलोन्याक यांनी लाल एलईडी बनवला, तोही जनरल इलेक्ट्रिकमध्येच. १९९३ मध्ये जपानात शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी आला. त्यातून पांढरा प्रकाश मिळाला आणि त्या दशकाच्या अखेरीस एक वॉटचे शक्तिशाली एलईडी बाजारात आले. एलईडीवरचा दाब जरासा बदलला तरी प्रवाह कितीतरी बदलतो. प्रवाह कमी करत नेला तर रंगातही थोडा फरक पडतो. त्यापेक्षा प्रवाह ठरलेलाच ठेवून तो किती वेळ वाहू द्यायचा तेवढे बदलणे सोयीचे. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. मायक्रोकंट्रोलरला हे काम फारसे जड नाही. समजा, तो शून्यापासून २५५ पर्यंत पुन्हा पुन्हा मोजतो आहे. गणती ६४ च्या खाली असेतो दिवा चालू, नंतर बंद. झाला पाव प्रकाश. ज्यावर आपल्याकडील अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्या शिकल्या तो ८०५१ इंटेलने १९८० मध्ये आणला. त्याच्यासारख्या साध्या चिपनेही हे जमते.

येथे एक फसगत होते. १२ व्होल्टवर ३.२ व्होल्टचा एक एलईडी रोधक लावून जोडला आणि प्रवाह ०.३५ अँपिअर ठेवला, तर पुरवठ्यातून ४.२ वॉट जातात. एलईडीला मिळतात जेमतेम १.१, बाकीचे रोधक खातो. आता मायक्रोकंट्रोलरने प्रकाश पाव केला, तर दोन्ही आकडे पाव होतील, पण नासाडीचे प्रमाण तेच राहील. मिठाच्या पाण्याचे भांडे वेष बदलून पुन्हा हजर! म्हणून रोधकाच्या जागी तारेचे वेटोळे घेतात. स्विच सेकंदाला हजारो-लाखो वेळा उघडझाप करतो, वेटोळे ऊर्जा साठवते आणि परत देते. अशा मंडलाने प्रवाह स्थिर राखावा आणि मायक्रोकंट्रोलरने त्याला फक्त ‘सुरू’, ‘थांब’ सांगावे, तेव्हा वीज खरोखर वाचते.

आणखी एक गोष्ट. डोळ्याला निम्मा वाटणारा उजेड प्रत्यक्षात निम्मा नसतो, साधारण १८ टक्केच असतो. संवेदना कारणाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे फेख्नर यांनी १८६० सालीच मांडले होते. म्हणून मायक्रोकंट्रोलरमध्ये तसे कोष्टक भरावे लागते, नाहीतर दिवा सुरुवातीलाच एकदम उसळल्यासारखा वाटतो.

पुठ्ठ्याची एक भिंगरी करा. अर्धी काळी, अर्धी पांढरी. जोरात फिरवली की ती राखाडी दिसेल. हा टॅलबट यांचा नियम. मग मंद केलेल्या एलईडीखाली पेन्सिल भरभर हलवा. तिच्या एकाऐवजी अनेक पेन्सिली दिसल्या, तर दिवा उघडझाप करतो आहे आणि त्याचा वेग अजून वाढवायला हवा. शेवटी रेग्युलेटरचा तो जुना प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी मुले उत्तर देण्याआधी विचारतील, ‘कोणता रेग्युलेटर?’